पुणे ते सॅन फ्रान्सिस्को : विमानाचं अंतर साडेतेरा हजार किमी, मग प्रवासाला सव्वीस-तीस तास का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा की आईबाबा कोथरूडला असतात, आईला गुडघ्याचा त्रास आहे, दोघं पहिल्यांदाच मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत, नेटवर अंतर साडेतेरा हजार किमी दाखवतं, विमान ताशी ९०० ने जातं म्हणजे हिशोबाने १५ तास व्हायला पाहिजेत, पण तिकिटं बघायला गेलं की कुठे २४ तास, कुठे २९, कुठे ३४, मग खरं काय धरायचं आणि कुठल्या मार्गाने पाठवायचं. मी पुण्यात बरीच वर्षं इंटरनॅशनल तिकिटिंगचंच काम करते आणि काका-काकूंना पहिल्यांदा पाठवताना मुलांचा जीव कसा टांगणीला लागतो ते रोज बघते, म्हणून जरा नीट सविस्तर लिहिते.

आधी अंतराचं बघू. साडेतेरा हजार हा आकडा बरोबर आहे, पण तो कुठून जाणारा आहे ते कोणी सांगत नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशात बघितलं की वाटतं पुण्याहून पश्चिमेला युरोपावरून जायचं किंवा पूर्वेला पॅसिफिकवरून. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक धागा घ्या, एक टोक पुण्यावर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणून धरा. धागा चक्क उत्तरेला जातो, थोडासाच पूर्वेकडे कललेला. पुण्याहून दिल्ली, तिथून हिमालय, तिबेटचा पश्चिम भाग, मग रशियाचा सैबेरिया, उत्तर ध्रुवाजवळचा आर्क्टिक समुद्र, अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. गोल पृथ्वीवर दोन गावांमधलं सगळ्यात कमी अंतर हे असंच पडतं आणि नेटवर जो आकडा येतो तो याच रेषेचा असतो.

यातून पुणेकरांच्या कामाची एक गोष्ट निघते. पुणे-दिल्ली साधारण ११५० किमी आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,४०० किमी, बेरीज करून बघा, साडेतेरा हजारच येते. म्हणजे दिल्लीमार्गे जाणं हे आडवळण नाहीच, दिल्ली जवळपास वाटेवरच आहे. लोक मला म्हणतात अहो मुंबई इतकी जवळ असताना उगाच दिल्लीला कशाला जायचं, पण या प्रवासात दिल्लीला गेलेला एकही किलोमीटर वाया जात नाही. याउलट दुबईमार्गे गेलात तर पुणे-दुबई २०५० आणि पुढे १३,००० म्हणजे पंधरा हजारांच्या वर, आणि सिंगापूरमार्गे ३८०० अधिक १३,६०० म्हणजे जवळजवळ साडेसतरा हजार.

आता गंमत अशी की साडेसतरा हजारवाल्याला पंधरा हजारवाल्यापेक्षा हवेत फारसा जास्त वेळ लागत नाही, आणि कारण आहे वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, जिथे ही मोठी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत ते आणखी जोर धरतात. तुम्ही जो ९०० चा वेग धरलात तो विमानाचा हवेतला वेग झाला, पण हवाच सरकत असेल तर जमिनीवरचा हिशोब बदलतो. समजा ५००० किमी जायचंय आणि १०० चा वारा आहे. पाठीमागून असेल तर विमान १००० ने जातं, ५ तासांत पोचतं, समोरून असेल तर ८०० ने जातं आणि सव्वासहा तास लागतात. अंतर तेच, विमान तेच, सव्वा तासाचा फरक नुसत्या वाऱ्याचा. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक प्रवासी विमान असंच वादळाचा वारा पाठीशी घेऊन ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

आपल्या मार्गावरचं याहून चांगलं उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किमी पडायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने पॅसिफिकवरून नेलं, अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं आणि तरी ते साडेचौदा तासांत उतरलं, आधीपेक्षा लवकर. चौदाशे किमी जास्त उडून वेळ वाचला कारण वारा सगळा पाठीशी होता. म्हणून मी सांगते की किलोमीटर बघून मार्ग ठरवू नका. सिंगापूरहून पुढचं विमानही असंच वारा पाठीशी घेऊन जातं, म्हणून अंतर थोडं जास्त असूनही १५ तासांच्या आसपास पोचतं, तर दुबईचं अंतर थोडं कमी असून १६ तास घेतं. मात्र येताना हाच सिंगापूर मार्ग महागात पडतो, वारा तोंडावर येतो आणि वेळ दीड-दोन तासांनी वाढतो.

तुमच्या मनात येईल की मग धाग्याच्या त्या सरळ रेषेवरून विमान नेत का नाहीत. एक तर तिबेट. विमानात कधी हवेचा दाब गेला तर पायलटला लगेच १०,००० फुटांपर्यंत म्हणजे ३ किमी उंचीवर उतरावं लागतं, कारण डोक्यावरून जे ऑक्सिजनचे मास्क पडतात ते काही मिनिटंच पुरतात. तिबेटचं पठारच साडेचार हजार मीटरच्या आसपास उंच, म्हणजे खाली उतरायला जागाच नाही, त्यामुळे कंपन्या शक्यतो त्याला वळसा घालतात. दुसरं, ध्रुवाकडे वाटेत उतरण्याजोगी विमानतळं फार कमी आणि थंडी इतकी की इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं, नेहमीचं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशाला गोठायला लागतं. अशक्य नाही, जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला पायलटांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवाकडूनच विमान आणलं होतं, सुमारे १४,००० किमी, १७ तासांचं उड्डाण, आणि आजही मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

तिसरं कारण म्हणजे कोणाचं आकाश कोणाला उघडं आहे ते. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून अमेरिकन आणि बहुतेक युरोपियन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, त्यानंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना लांबून जावं लागलं आणि मध्ये व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधन भरायला थांबावं लागलं. २०१९ मध्येही पाच महिने असं झालं होतं. म्हणून शेजाऱ्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी इतक्या तासात पोचली होती हे धरून चालू नका, तुमच्या तारखेचं तिकीट उघडून त्यात थेट लिहिलंय की एक स्टॉप लिहिलाय ते बघा. अशा नुसतं इंधन भरायच्या, म्हणजे टेक्निकल स्टॉपमध्ये उतरावं लागत नाही, सामान हलत नाही, पण दीड-दोन तास वाढतात आणि आईबाबांना आधी सांगून ठेवलेलं नसेल तर ते विमान मध्येच का उतरलं म्हणून घाबरतात.

तिकिटावर जो वेळ छापतात त्याला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे विमान गेटवरून मागे सरकतं तिथपासून ते पलीकडे गेटला लागेपर्यंत. यात रनवेपर्यंत रांगेत जाणं, टेक-ऑफची वाट बघणं, उतरताना आकाशात घिरट्या, सगळं आलं आणि उशीर व्हायला नको म्हणून कंपन्या त्यात थोडा पदरचा वेळ पण धरतात. म्हणून तुमच्या १५ तासांचे थेट विमानातसुद्धा १६ किंवा साडेसोळा होतात, आणि ते बरोबरच आहे.

आता पुण्याचा प्रश्न. लोहगावहून म्हणजे पुणे विमानतळावरून थेट अमेरिकाच काय, युरोपही सध्या नाही. धावपट्टी साधारण अडीच किमीची, हवाई दलाची, शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर, आणि उंचीवरच्या गरम हवेत विमानाला उचलायला जास्त धाव लागते. १६ तासांचं इंधन भरलेलं अवजड विमान इथून उडवणं जमण्यासारखं नाही. टर्मिनल २०२४ ला नवीन झालं, छान झालं, पण टर्मिनलने धावपट्टी लांब होत नाही. त्यामुळे आपल्याकडून मोजकीच बाहेरची विमानं सुटतात आणि पुढे बदलावं लागतंच.

म्हणून खरा हिशोब घराच्या दारापासून करायचा. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान एअर इंडियाने डिसेंबर २०२२ ला सुरू केलं होतं, अशी थेट विमानं कमीजास्त होतात, बंदही पडतात, म्हणून आधी चौकशी करा, हिशोबापुरतं तुमच्या तारखेला आहे असं धरू. कोथरूडहून मुंबईचं टर्मिनल २ दीडशे किमी. एक्स्प्रेसवे मोकळा असेल तर साडेतीन तास, पण मी कोणालाही साडेतीन तासांवर निघू देत नाही, पाच तास धरायला लावते. शुक्रवारी संध्याकाळी आणि लागून सुट्ट्या आल्या की खंडाळ्याच्या घाटात गाड्या जागच्या हलत नाहीत, पावसाळ्यात आडोशीजवळ दरडीची भीती असते आणि हे सगळं पार पडलं की पुढे मुंबईचं ट्रॅफिक आहेच. पाच तास रस्ता, तीन तास आधी एअरपोर्टवर, साडेसोळा तास विमान, तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड-दोन तास. झाले साडेसव्वीस.

आता दिल्लीमार्गे. कोथरूडहून लोहगाव तासभर, दोन तास आधी पोचायचं, सव्वादोन तास दिल्ली, तिथे साडेतीन-चार तासांचा हॉल्ट, पुढे सोळा तास, तिकडचे दोन. बेरीज सत्तावीसच्या आसपास. म्हणजे जे विमान थेट आहे म्हणून लोक हजारो रुपये जास्त मोजतात त्याने पुणेकराचा अर्धा-पाऊण तास वाचतो. आणि शरीराचा हिशोब वेगळाच असतो, सत्तरीच्या माणसाला पाच तास गाडीत बसवून लगेच सोळा तास विमानात बसवणं, आणि मधे चार तास पाय मोकळे करून, जेवून, टॉयलेटला जाऊन मग बसवणं यात फार फरक पडतो, पायाला सूज येते त्यात तर दिसतोच.

एक नवीन गोष्ट झालीय ती पण लक्षात घ्या. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, ते पुण्याला जवळ पडतं, पण त्यामुळे तिकिटावर नुसतं मुंबई वाचून चालत नाही. कोड बघायचा, बीओएम म्हणजे जुनं अंधेरीचं आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. ड्रायव्हरलाही हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगायचं.

वेळेच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते घड्याळामुळे. सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे आहे, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तास आणि बाकी थंडीत साडेतेरा तास, कारण तिकडे घड्याळ पुढेमागे करतात, आपण करत नाही. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावाची असते. एक करून दाखवते. समजा पुण्याहून रविवारी रात्री ९ ला विमान निघालं, साडेतीन तासांनी दुबई, आपल्याकडे साडेबारा वाजले पण दुबई दीड तास मागे म्हणून तिकिटावर रात्रीचे ११. पुढचं विमान सोमवारी सकाळी ९ चं, आपले तेव्हा साडेदहा. सोळा तास उडालं, आपल्याकडे सोमवार संपून मंगळवार पहाटेचे अडीच, त्यातून साडेबारा तास वजा केले तर तिकडे सोमवार दुपारचे २. तिकीट वाचणाऱ्याला दिसतं रविवारी रात्री ९ ते सोमवारी दुपारी २ म्हणजे सतरा तास, प्रत्यक्षात गेले साडेएकोणतीस, आणि त्यातले दहा तास दुबईत खुर्चीवर. सिंगापूरमार्गे तर सोमवारी सकाळी ९ ला तिथून निघालेलं विमान उन्हाळ्यात १५ तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला सोमवारी सकाळी ९ लाच उतरतं. म्हणून दोन वेळांची वजाबाकी करत बसू नका, दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणून मग मोजा, किंवा तिकिटावर एकूण कालावधी लिहिलेला असतो तो आकडा धरा.

मी काका-काकूंसाठी काय निवडेन ते सांगते. पुण्याहून सुरुवात, एकच बदल, सगळं एकाच पीएनआरवर म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, आणि मधला हॉल्ट तीन ते पाच तास. दीड तासाचा हॉल्ट साइटवर सगळ्यात वर येतो कारण एकूण वेळ कमी दिसतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला दिल्लीला इमिग्रेशन आणि सिक्युरिटी दीड तासात करायला लावणं मला पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं असतं, तेव्हा तर पाच-सहा तास ठेवा किंवा आदल्या संध्याकाळचंच विमान घ्या. दिल्लीला पुण्याचं विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं तेही बघा, टर्मिनल १ ला उतरलं तर इंटरनॅशनलसाठी बाहेर पडून टर्मिनल ३ ला जावं लागतं.

एकाच पीएनआरवर मी इतकी अडून का बसते ते सांगते. आमच्याकडे एक जोडपं नंतर मदत मागायला आलं, मुलाने परस्पर दोन तिकिटं काढली होती, पुणे ते दिल्ली वेगळं आणि पुढचं वेगळं, बारा हजार वाचले म्हणून. पुण्याचं विमान तीन तास लेट झालं, दिल्लीला बॅगा घेऊन परत चेक-इन करायचं होतं, तोवर काउंटर बंद, आणि वेगळं तिकीट असल्याने पुढच्या कंपनीची काही जबाबदारीच नाही, दोन नवीन तिकिटं त्या दिवशीच्या भावाने घ्यावी लागली. एका पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम होतं आणि बॅगाही पुण्यात टाकल्या की सॅन फ्रान्सिस्कोलाच. परदेशात बदलताना तर दोन तिकिटांचा ताप आणखी वाढतो, बॅग घ्यायला त्या देशात बाहेर यावं लागतं आणि तिथला व्हिसा लागतो का हा प्रश्न येतो. युरोपातून बदलायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकीट काढायच्या आधी बघा. आणि अमेरिकेतच दुसऱ्या शहरात बदल असेल तर इमिग्रेशन आणि बॅगा दोन्ही पहिल्याच शहरात, बॅग उचलून परत पट्ट्यावर द्यावी लागते, त्यामुळे जमेल तितकं सॅन फ्रान्सिस्कोलाच उतरणारं विमान घ्या.

परतीच्या तिकिटाची तारीख बघताना एक दिवस जास्त धरा. येताना घड्याळ उलटं फिरतं, सोमवारी रात्री तिकडून निघाले की बुधवारीच इथे पोचतात. बुधवारी सकाळी कार्य आहे आणि सोमवार रात्रीचं तिकीट काढलंय असं करू नका.

काकूंच्या गुडघ्याचं तुम्ही प्रश्नात लिहिलंय म्हणून सांगते, व्हीलचेअर तिकिटातच टाकून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत, एअरपोर्टवर जाऊन मागू म्हटलं तर वाट बघत बसावं लागतं. व्हीलचेअरवाला माणूस त्यांना इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत नेतो, काका सोबत चालत जातील, म्हणजे दोघांचीही शोधाशोध वाचते. जागा घेताना काकूंना आइलची म्हणजे पॅसेजकडची द्या, दर दोन तासांनी उठून पॅसेजमध्ये फिरायला सांगा, पाणी पीत राहायला सांगा, टॉयलेटला जावं लागेल म्हणून आपल्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत आणि सोळा तासांत ते बरं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि गोळी कुठल्या घड्याळाने घ्यायची ते निघायच्या आधी डॉक्टरांनाच विचारून कागदावर लिहून द्या. तारीख ठरली की प्रवासाचा महिना आणि बजेट कळवा, त्या आठवड्यात कुठला मार्ग खरंच कमी वेळाचा आहे ते बघून सांगते.